गाणं बंद, गाडी चालू

३ मार्च, सोमवार. जेवणाआधी.

आजपासून रोजनिशी. लढ्याची नोंद कुणीतरी ठेवायलाच हवी, आणि आमच्या युनियनमध्ये सलग दोन वाक्यं लिहू शकणारा मी एकटाच आहे. पुढेमागे कुणी इतिहास लिहायला घेतला तर त्याची शोधाशोध वाचेल.

निमित्त: नगरपालिकेची नोटीस. एक एप्रिलपासून प्रत्येक घंटागाडीच्या मागे दोनऐवजी एकच माणूस. पुढे ड्रायव्हर, मागे एक, बस्स. याला त्यांनी 'मनुष्यबळाचं सुसूत्रीकरण' असं गोंडस नाव दिलंय. मी चालवतो त्या गाडीवरची शू-फेन गटारांच्या कामावर जाणार आणि मागे उरणार एकटा आ-खुन. वय एकोणसाठ. उजवा खांदा कामातून गेलेला. पेन्शनला दीड वर्ष बाकी. फेरीत सव्वीस थांबे, प्रत्येक थांब्यावर चाळीस-पन्नास घरांच्या पिशव्या, वर खरकट्याच्या बादल्या.

नोटीस मीच वाचून दाखवली. आ-खुननं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ल्याओ, दीड वर्ष काही हा खांदा काढत नाही बघ. एवढंच. मला त्याचा शांतपणा सहन झाला नाही. सगळ्यांसमोर शब्द दिला: मागे दोन माणसं राहतील, नाहीतर ल्याओ चिन-शुई हे नाव लावणार नाही.

संकल्प: सुपारी बंद. कामगार कायद्याचं पुस्तक रोज दहा पानं. मुकादम त्सेंगच्या केबिनमधला चहा आजपासून वर्ज्य, मग तो डोंगरावरचा असो की आणखी कुठला.

५ मार्च, बुधवार. सुट्टी.

पुस्तक: पान चार. संप करायचा तर आधी मध्यस्थी, मग मध्यस्थी फसल्याचा कागद, मग गुप्त मतदान, मग आणखी कागद. एवढ्यात आ-खुन पेन्शनीत निघेल. पुस्तक मिटलं. छपाई फार बारीक आहे, हा मालकवर्गाचाच डाव असणार.

मेइ-युनला लढ्याची रूपरेषा सांगितली. बायको म्हणून तिला माहीत हवं. ती कोबी चिरत होती. म्हणाली, अहो सेक्रेटरी, सात वर्षं पद मिरवताय, आजवर मिळवलंत काय? मी म्हटलं, रबरी हातमोजे, वर्षाला चार जोड. ती म्हणाली, ते तर पंधरा दिवसांत फाटतात, आ-खुनची बायको सांगत होती. मी म्हटलं, माझे सात वर्षांत फाटले नाहीत. यावर ती नुसती हसली. का, ते कळलं नाही.

सुपारी: एकच. विचार करताना लागते.

७ मार्च, शुक्रवार.

सापडलं!

रेल्वे फाटकापाशी गाडी उभी होती, वर आमचं गाणं वाजत होतं, तेच ते टिंगटिंग, बावीस वर्षं तेच. आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी वेळेवर न्यायची. कचरा घ्यायचा. एकही नियम मोडायचा नाही. फक्त स्पीकरचं बटण दाबायचं नाही!

गाणं ऐकू आलं की गाव पिशव्या घेऊन खाली धावतं. गाणंच नाही, तर येणार कोण? रस्त्यावर पिशवी ठेवली तर दंड. म्हणजे कचरा घरातच. मासळीची डोकी, केळीची सालं, पोरांचे लंगोट, सगळं घरात. तिसऱ्या दिवशी वास, चौथ्या दिवशी लोक नगराध्यक्षांच्या दारात, पाचव्या दिवशी नगराध्यक्ष माझ्या दारात. गाणं वाजवलंच पाहिजे असा नियम मला तरी कुठं दिसला नाही. (पुस्तक पुढे वाचलेलं नाही, पण असता तर पहिल्या चार पानांत असता.)

नाव: मौन लढा.

१० मार्च, सोमवार.

युनियनची सभा. शेहेचाळीस सभासदांपैकी सतरा हजर, त्यातले पाच-सहा वाफवलेल्या मोमोसाठी आलेले. तरी ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर. डोक्याला बांधायच्या पन्नास पांढऱ्या पट्ट्या मागवल्या, वर लाल अक्षरांत 'मौन'.

आ-खुननं हात वर केला. म्हणाला, पण लोकांना गाडीची वेळ पाठच असते ना? मी त्याला प्रेमानंच समजावलं, की तू कायम मागे उभा असतोस, तुला समोरचं चित्र दिसत नाही. तो म्हणाला, मागे तर लोक असतात. विषय वाढवला नाही. साध्या माणसाशी वाद घालू नये.

१३ मार्च, गुरुवार.

कामावर जाण्याआधी मात्सू देवीच्या देवळात कौल लावला. लाकडाच्या दोन फोडी जमिनीवर टाकल्या. पहिला कौल: नाही. दुसरा: नाही. तिसऱ्यांदा दोन्ही फोडी उताण्या पडल्या, म्हणजे देवी हसली. हसली याचा अर्थ प्रसन्न आहे, फक्त भक्ताची परीक्षा बघतेय. चौथा, पाचवा: नाही. सहावा: होय! खरं म्हणजे सलग तीन होकार लागतात, पण ते लग्न, घरबांधणी वगैरे खासगी मागण्यांसाठी. सार्वजनिक कामाला एक पुरतो.

पुजारी बघत होता. म्हणाला, ल्याओदादा, आता थांबा, देवीलाही इतर कामं आहेत.

१७ मार्च, सोमवार. मौन लढा, दिवस पहिला.

चार वाजून दहा मिनिटांनी गाडी देवळाच्या कोपऱ्यावर वळली. डोक्याला पट्टी. बटणाकडे ढुंकून पाहिलं नाही. रस्ता मोकळा, ओसाड असणार, या तयारीनं ब्रेक दाबला.

सगळे हजर होते. झाडून सगळे. पिशव्या हातात, बादल्या पायाशी. फान आजी तर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून लसूण सोलत होत्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. चौकशी केली तेव्हा कळलं, गेली वीस वर्षं त्या चारच्या आधीच येऊन बसतात. सगळ्याच येतात. कुणाची सून कशी, कुणाचा गुडघा कसा, सगळा हिशेब तिथंच होतो, कचरा हे नुसतं निमित्त. मला हे ठाऊक नव्हतं, कारण वळणावर माझं लक्ष आरशात असतं.

विश्लेषण: पहिला थांबा अपवाद.

(जेवणानंतर) सव्वीसच्या सव्वीस थांबे अपवाद. तरुण मंडळी फोनवर गाडी कुठं आहे ते बघूनच उतरतात म्हणे. ही सोय नगरपालिकेनं आमच्या युनियनला न विचारता केली, याचा वेगळा निषेध करणार.

साऱ्या गावात एकाच घरचा कचरा राहिला. आमच्या. आमच्या गल्लीत दुसऱ्या ड्रायव्हरची गाडी येते. मेइ-युन मालिका बघत गाण्याची वाट पाहत बसली होती. तीन पिशव्या. मी म्हटलं, लढ्याची झळ पहिल्यांदा नेत्याच्याच घराला बसते. ती म्हणाली, त्या झळीत कोळंबीची सालं आहेत, ती बाल्कनीत तुमच्या खुर्चीशेजारी ठेवलीयत.

२१ मार्च, शुक्रवार. दिवस पाचवा.

आज नगराध्यक्ष दारात यायचे होते. आले नाहीत.

परिस्थिती गंभीर वळण घेतेय. गाणं नाही म्हटल्यावर गाडी चुकेल या धास्तीनं लोक आता दहा मिनिटं आणखी आधी येतात. रांग लावतात. ओला कचरा एका हातात, सुका दुसऱ्या हातात. पूर्वी शेवटी कुणीतरी चपला सावरत धावत यायचा, त्याच्यासाठी थांबावं लागायचं, तेही बंद. फेरी पंचवीस मिनिटं लवकर संपली. शू-फेन म्हणाली, सेक्रेटरी, पहिल्यांदाच कामावर बाटलीभर पाणी प्यायला सवड मिळाली, लढा छान आहे. तिला लढा म्हणजे काय हेच समजलेलं नाही.

घरच्या पिशव्या गाडीच्या केबिनमधून नेऊन टाकल्या. केबिनला वास राहिला. एसी बंद ठेवावा लागला. कामगारांसाठी घामही गाळतोय.

सुपारी: सात.

२५ मार्च, मंगळवार.

विजय!! मुकादम त्सेंगनं केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कागदांचा गठ्ठा, नागरिकांच्या सह्यांची निवेदनं. दोनशे चौदा सह्या. मी मनात म्हटलं, आला गाव रस्त्यावर. त्सेंगनं चहा ओतला. घेतला. जिंकणाऱ्यानं उदार असावं.

मग निवेदन वाचलं.

'घंटागाडीचं गाणं बंद केल्याबद्दल सफाई पथकाचे मनापासून आभार. बाळं झोपतात. रात्रपाळी करून आलेली माणसं झोपतात. कृपया हे कायम ठेवावं.' पहिली सही फान आजींची, खाली शाईचा अंगठाही, सही पुसट झाली तर असू दे म्हणून.

त्सेंग म्हणाला, ल्याओ, वरून मला शाबासकीचा फोन आला, आता ही कल्पना कुणाची म्हणून सांगू? मी ताठ उभा राहून म्हणालो, ही कल्पना नाही, हा लढा आहे! तो म्हणाला, बरं बरं, लढा कुणाचा म्हणून सांगू? मी बाणेदारपणे बाहेर पडलो. दुसरा कप घेऊन मगच, कारण ओतलेला होता.

२८ मार्च, शुक्रवार.

नगरपालिकेच्या इंटरनेटवरच्या पानावर नगराध्यक्षांचा फोटो. माझ्या गाडीशेजारी उभे, ओठांवर बोट. 'शांत नगर योजना.' माझा लढा उचलून स्वतःच्या नावावर! खाली तिखट शब्दांत जाहीर निषेध लिहिला. त्याला तीन जणांनी पसंती दिली. एक मी, एक आ-खुन. तिसरे नगराध्यक्ष.

१ एप्रिल, मंगळवार.

शू-फेन आज गटारांवर गेली. मागे एकटा आ-खुन.

चौदाव्या थांब्यावर आरशात पाहिलं तर तो मागच्या पायरीवर बसला होता. डाव्या हातानं उजवा खांदा धरून. समोर रांग तशीच उभी. लोक आपापल्या पिशव्या स्वतःच टाकू लागले, पण बादल्या कोण उचलणार? बावीस वर्षांची सोबत आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या घरी हाच बरोबर आला होता, आणि माझ्या वाटचंही हाच बोलला होता.

खिडकीतून डोकं काढून जोरात ओरडलो, आ-खुन, धीर सोडू नको, युनियन तुझ्या पाठीशी आहे! त्यानं डावा हात हलवला.

त्या थांब्यावर फान आजी होत्या. मुलीच्या घरी आल्या होत्या. खिडकीशी येऊन म्हणाल्या, काय रे, तुला पाय नाहीत? खाली उतर की. मी समजावून सांगितलं. आजी, मी उतरलो तर मालकांचं गणित बरोबर ठरतं. ते म्हणतील, बघा, दोघांत भागतं. म्हणून तत्त्वासाठी मला बसून राहावं लागतंय. आजी म्हणाल्या, तत्त्व बसू दे तिथंच, तू बादली धर. सामान्य माणसाला चळवळीतले बारकावे पटकन कळत नाहीत. शिवाय उतार होता. हँडब्रेकचा भरवसा नाही.

आज जेवण गेलं नाही. मेइ-युननं विचारलं, खांदा कसा आहे त्याचा? मी म्हटलं, लढा निर्णायक टप्प्यावर आहे. ती म्हणाली, मी खांद्याचं विचारलं.

३ एप्रिल, गुरुवार.

नवा डाव. लोकांना शांतता आवडते? ठीक. गाणं परत. पण असं, की कानठळ्या बसतील. गाणं नकोसं झालं की लोक नगरपालिकेवर जातील, नगरपालिका माझ्याकडे येईल, आणि मी म्हणेन, आवाज कमी करतो, मागे माणूस द्या. यात चूक काढून दाखवावी कुणी!

मेहुण्याच्या मंडपवाल्या दुकानातून भोंगा आणला. मिरवणुकीचा. दोन किलोमीटर ऐकू जातो म्हणाला.

८ एप्रिल, मंगळवार.

भोंगा वाजला. देवळाच्या कोपऱ्यावर चार कुत्री, सहा बाळं आणि एक कोंबडा एकदम सुरू झाले. देवळातून पुजारी धावत आला. फान आजींनी स्टूल उचललं, गाडीच्या पुढ्यात भर रस्त्यात ठेवलं, त्यावर बसल्या आणि लसूण सोलायला घेतला. मी हॉर्न दिला. त्यांनी दुसरा गड्डा घेतला. मागे वाहनांची रांग. मी खिडकीतून म्हटलं, आजी, हा कामगारांचा लढा आहे. त्या म्हणाल्या, माहितीय मला लढा, माझा नवरा साखर कारखान्यात होता, संपात सदतीस दिवस बाहेर बसला होता, पण शेजारच्याचं पोर नाही उठवलं त्यानं.

सतरा मिनिटं. शेवटी आ-खुन गेला, त्यांच्या कानात काहीतरी बोलला, आणि त्या उठल्या. भोंगा बंद केला. बॅटरी तापली होती.

आ-खुनला विचारलं, काय सांगितलंस? तो म्हणाला, सांगितलं की माणूस वाईट नाही.

९ एप्रिल, बुधवार.

सुट्टीच्या दिवशी फोनवर आदेश: लेखी परवानगीशिवाय कुठल्याही गाडीवर गाणं वाजवू नये. म्हणजे आता गप्प बसलो तर मी आज्ञाधारक, आणि वाजवलं तर शिक्षा. माझा लढा त्यांनी नियम करून टाकला! असा निर्लज्जपणा मी आजवर पाहिला नाही.

पण हरणाऱ्यातला मी नव्हे. वाटाघाटींची लेखी मागणी टाकली. नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. (त्सेंग म्हणाला, अरे, मार्चमध्येच मागायची होतीस, तेव्हापासून वाट बघतोय.)

१५ एप्रिल, मंगळवार. वाटाघाटी.

सकाळी दहा, नगरपालिकेचा दुसरा मजला. आमच्याकडून मी, आ-खुन, शू-फेन. समोर त्सेंग आणि आस्थापनेच्या एक बाई. मी पट्टी बांधून गेलो होतो. बाईंनी वाचलं, 'मौन', आणि मग मी चाळीस मिनिटं बोललो. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं, म्हणजे दडपण आलं होतं.

त्सेंगनं सरळ सांगितलं, या वर्षी नवीन जागा मंजूर नाहीत. मी टेबलावर मूठ आपटणार, तेवढ्यात आ-खुन बोलला. सात वर्षांत साहेबांपुढे कधी तोंड न उघडलेला माणूस. म्हणाला, साहेब, मला शर्ट घालायला बायको लागते आता. मला मागे दुसरा माणूस पाहिजे. कोण, ते मी मागत नाही.

मग त्सेंग हळूच म्हणाला, गाणं बंद झाल्यापासून फेरी पंचवीस मिनिटं लवकर संपते. घाई उरलेली नाही. ड्रायव्हर थांब्यावर उतरू शकतो. शू-फेन म्हणाली, हो की. लगेच म्हणाली. आमच्या बाजूला बसून.

मी कडाडून विरोध केला. कंबर, उतार, हँडब्रेक, ड्रायव्हर या पदाची प्रतिष्ठा, सगळं मांडलं. बाईंनी फक्त हँडब्रेक लिहून घेतला, म्हणाल्या, तो दुरुस्त करून देऊ. करारात घालू.

ठरलं: प्रस्ताव सभासदांच्या मतदानाला. मी बाहेर येऊन जाहीर केलं, कामगार हा तुकडा त्यांच्या तोंडावर फेकतील. आ-खुन जिन्याचा कठडा डाव्या हातानं धरून उतरत होता.

१८ एप्रिल, शुक्रवार. मतदान.

पहिल्यांदाच शेहेचाळीसच्या शेहेचाळीस हजर. मोमो नसतानाही. मतदानाआधी मी भाषण केलं, ड्रायव्हरचा आज पाय खाली आला तर उद्या काय काय खाली येईल, वगैरे. मागून कुणीतरी ओरडलं, सेक्रेटरी, तुमचे हातमोजे दाखवा! सगळे हसले. का हसले, ते यावेळी कळलं.

बाजूनं छत्तीस, विरोधात दहा.

आम्ही ड्रायव्हर अकरा आहोत. अकरावा कोण, याचा तपास करणार नाही. मतदान गुप्त असतं.

करारावर युनियनतर्फे सही माझी. गावातल्या सफाई पथकाचा हा पहिला लेखी करार, ही गोष्ट कुणी नाकारू शकत नाही. कलम एक: प्रत्येक थांब्यावर मागे दोन माणसं. माझा शब्द अक्षरशः खरा झाला. मेइ-युनला तसं सांगितलं. ती म्हणाली, जुने शर्ट वेगळे काढून ठेवते.

संकल्प: पुढच्या वर्षी नवीन जागांसाठी लढा. याहून तीव्र. कंबर बरी असली की.

२१ एप्रिल, सोमवार.

सव्वीस थांबे. सव्वीस वेळा उतरलो, सव्वीस वेळा चढलो. हँडब्रेक उत्तम आहे.

तिसऱ्या थांब्यावर पिशवी फुटली. सातव्यावर बादली हिंदकळली, डाव्या बुटात भाताची पेज. माझे सात वर्षांचे हातमोजे अकराव्या थांब्यावर फाटले. आ-खुननं त्याचे दिले. म्हणाला, पिशवीला वरून धरू नको, खालून हात घाल. हे त्यानं दिवसभरात नऊ वेळा सांगितलं, न चिडता. जड बादल्या मी घेतल्या. त्यानं उजवा हात एकदाही वर उचलला नाही.

फेरी नेहमीपेक्षा पन्नास मिनिटं उशिरा संपली. कारण मी.

देवळाच्या कोपऱ्यावर फान आजी होत्याच. माझ्याकडे खालून वर पाहिलं, पण बोलल्या आ-खुनशी. म्हणाल्या, मिळाला का रे एकदाचा माणूस मदतीला? जरा मंद दिसतोय. आ-खुन म्हणाला, आजी, नवीन आहे, शिकेल.

बावीस वर्षांची नोकरी, सात वर्षं सेक्रेटरी! चांगलं सणसणीत उत्तर तोंडावर आलं होतं. पण दोन्ही हातांत खरकट्याची बादली होती आणि मागे रांग खोळंबली होती.